इंग्रजी उसनं, मराठी विकत

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

मंडळी, नमस्कार. मी इथल्या एका म्युनिसिपल लायब्ररीत पुस्तकखरेदीचं काम बघते. काउंटरवर मराठी माणूस भेटला, की चार शब्द बोलून झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो: “लिबीवर सगळं फुकट ऐकायला मिळतं म्हणे. मग ऑडिबल बंद करून टाकू का?” लिबी म्हणजे लायब्ररीची पुस्तकं फोनवर उसनी देणारं ॲप, आणि ऑडिबल म्हणजे महिन्याचे पैसे घेऊन ऑडिओबुकं देणारी सेवा. मंडळानं आज बोलायला बोलावलं ते याच प्रश्नावर, तेव्हा माझं उत्तर आधीच सांगून टाकते. इंग्रजी पुस्तकं लायब्ररीतून ऐका, आणि त्यातून जे पैसे वाचतील ते मराठी ऑडिओबुकांवर खर्च करा. असं का म्हणते, ते सांगायला मात्र थोडा वेळ लागेल.

पहिल्यांदा ते ‘फुकट’ बाजूला काढू. आपल्यापैकी बरेच जण वर्गणीच्या ग्रंथालयांत वाढले. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. तिथे अनामत भरायची, महिन्याची वर्गणी भरायची, पावती जपून ठेवायची. त्यामुळे इथल्या लायब्ररीत कुणीच काही मागत नाही म्हटल्यावर आपल्याला वाटतं, हे दानधर्माचं काहीतरी असणार, दुय्यम असणार. खरं तर वर्गणी इथेही आहे. न्यू जर्सीच्या कायद्यानं म्युनिसिपल लायब्ररीसाठी किमान एक तृतीयांश मिल इतका कर ठरवून दिलेला आहे, म्हणजे घराच्या मूल्याच्या दर हजार डॉलरमागे साधारण तेहतीस सेंट. सहा लाखांचं घर असेल तर वर्षाला सुमारे २०० डॉलर झाले. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर लायब्ररीची वेगळी ओळ असते, घरी गेल्यावर जरूर बघा. भाड्यानं राहणाऱ्यांच्या भाड्यातही तो पैसा असतोच.

आता ऑडिबलचा हिशोब करू. महिन्याला एक क्रेडिट, म्हणजे एक पुस्तक घ्यायचा हक्क, देणारी त्यांची योजना इथे १४ डॉलर ९५ सेंटची आहे, वर्षाचे १७९ डॉलर ४० सेंट. म्हणजे बऱ्याच घरांत दोन वर्गण्या जातात. एक भरलेली कळते, दुसरी कळत नाही. ज्या वर्गणीचे पैसे आधीच गेलेत तिचा वापर करायचा नाही आणि दुसरी मात्र भरत राहायची, हे मला पटत नाही.

यावर लगेच येणारी तक्रार मला ठाऊक आहे. “लिबीवर पुस्तक मिळतं कुठे? बारा आठवडे थांबा म्हणतात.” ती रांग का लागते, हे नीट कळलं की निम्मा राग जातो, म्हणून यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

लिबी हे ॲप ओव्हरड्राइव्ह या ओहायोतल्या कंपनीचं. कंपनी १९८६ सालची, ॲप २०१७ सालचं. त्यातली पुस्तकं तुमच्या गावाची किंवा तुमच्या लायब्ररीसंघाची. आम्ही ती एकेक निवडून घेतो. ‘विकत घेतो’ असं म्हणायचं मी टाळते, कारण आम्हाला मिळतो तो परवाना. बहुतेक परवान्यांमध्ये एका वेळी एका प्रतीवर एकच माणूस ऐकू शकतो. ऑडिओ फाइलला झीज नाही, हजार जणांनी एकदम ऐकली तरी तिचं काही बिघडत नाही. पण प्रकाशकांचं म्हणणं असं, की मग आमची प्रत विकत कोण घेणार? त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मात्र त्यापायी काय काय झालं ते ऐका.

२०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकानं ई-बुकांसाठी नियम आणला, की परवाना २६ वेळा वापरला की संपला. दोन आठवड्यांची एक उसनवारी धरली तर २६ वेळा म्हणजे बरोबर एक वर्ष. कागदी पुस्तकही तेवढ्यात झिजतं, असा युक्तिवाद होता. कागदी पुस्तकं हाताळणाऱ्या कुठल्याही ग्रंथपालाला विचारा, चांगल्या बांधणीचं पुस्तक त्याच्या कितीतरी पट टिकतं. २०१९ मध्ये हॅशेटनं ऑडिओबुकंसुद्धा दोन वर्षांच्या मुदतीवर आणली. त्याआधी ती एकदा घेतली की कायमची आमची असायची. त्याच वर्षी ब्लॅकस्टोन या ऑडिओ प्रकाशकानं जाहीर केलं, की आमची काही नवी पुस्तकं लायब्ऱ्यांना तीन महिने मिळणार नाहीत. मॅकमिलननं तर नोव्हेंबरपासून नव्या ई-बुकाच्या पहिल्या आठ आठवड्यांत एका लायब्ररीसंस्थेला फक्त एकच प्रत द्यायचं ठरवलं, मग ती संस्था गावातली असो की लाखो सभासदांच्या महानगरातली. लायब्ऱ्यांनी बहिष्कार घातला, वाचकांनी सह्या केल्या, आणि मार्च २०२० मध्ये मॅकमिलननं नियम मागे घेतला.

गाजणाऱ्या नव्या ऑडिओबुकाच्या एका परवान्याला आम्ही बऱ्याचदा साठ ते शंभर डॉलर मोजतो. तेच पुस्तक तुम्हाला एका क्रेडिटमध्ये मिळतं. बारा आठवड्यांची रांग दिसते तिच्या मागे हा आकडा आहे. पण त्या रांगेत उभं राहण्याला अर्थ आहे, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमुक इतके होल्ड (म्हणजे रांगेत लावलेली नावं) झाले की आणखी एक प्रत घ्यायची, असं प्रमाण बहुतेक लायब्ऱ्यांनी ठरवलेलं असतं. तुम्ही “जाऊ दे, कोण थांबतं” म्हणून होल्ड टाकलाच नाहीत, तर माझ्या पडद्यावर तुमची मागणी उमटतच नाही. होल्ड टाका. एकदम सात-आठ पुस्तकांवर टाका. ती वेगवेगळ्या वेळी येतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत तुमच्याकडे ऐकायला कायम काहीतरी असतं. नको त्या वेळी पाळी आली तर ‘नंतर द्या’ असं सांगायची सोय आहे, त्यानं तुमचा नंबर जात नाही. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, दंड नाही.

लायब्ररीच्या कार्डावर चालणारं दुसरं ॲप म्हणजे हुपला, त्याची गोष्ट वेगळी. तिथे रांग नसते, हवं ते पुस्तक तत्काळ मिळतं. कारण तुम्ही दरवेळी बटण दाबलंत की लायब्ररीच्या खात्यातून पैसे जातात, पुस्तकागणिक पन्नास सेंटांपासून काही डॉलरपर्यंत. म्हणून तर कार्डागणिक महिन्याची मर्यादा असते. पैसा आटला की सगळ्यात आधी बंद होते ती हीच सेवा. मार्च २०२५ मध्ये लायब्ऱ्यांना मदत करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा निधी अडकला, तेव्हा मिसिसिपी राज्याच्या ग्रंथालय आयोगानं हुपला थांबवलं. तेव्हा हुपलावर पुस्तक सहज उघडून दहा मिनिटांत सोडून देऊ नका, अशी मी हात जोडून विनंती करते. आधी नमुना ऐका, मग घ्या.

मग पैसे देऊन घेतलेल्या सबस्क्रिप्शनचा उपयोग कधी? काही बाबतींत निःसंशय आहे. ऑडिबलनं स्वतः तयार केलेली काही निर्मिती फक्त तिथेच मिळते, लायब्ररीला ती विकलीच जात नाही. वीस-पंचवीस तासांचं पुस्तक तुम्ही रोज गाडीत अर्धा तास ऐकत असाल, तर तीन आठवड्यांच्या मुदतीत ते संपणार नाही. तिथे क्रेडिटनं घेतलेलं बरं, कारण वर्गणी थांबवली तरी ते तुमच्या खात्यात राहतं. न वापरलेली क्रेडिटं मात्र बुडतात, म्हणून आधी ती वापरा आणि मग बंद करा. आणखी एक. न आवडलेलं पुस्तक परत करण्याची सोय आहे, तिचा जपून उपयोग करा. २०२० च्या अखेरीस लेखकांनी मोठी तक्रार केली होती, की लोक पूर्ण ऐकून पुस्तक परत करतात आणि आमच्या मानधनातून ती रक्कम कापली जाते. त्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून, खरेदीला सात दिवस उलटल्यावर परत आलेल्या पुस्तकाचं मानधन कापणं थांबलं. पहिल्या सात दिवसांचा भार अजून लेखकावरच आहे. संपवलेलं पुस्तक परत करणं म्हणजे पोटभर जेवून ताट नाकारणं.

आता मराठीकडे येते. मला आज खरं बोलायचंय ते यावर.

इंग्रजी ऑडिओबुकाचा श्रोता जगभर पसरलेला आहे. तुम्ही ते लायब्ररीतून घेतलंत म्हणून लेखक उपाशी राहत नाही, उलट त्या परवान्याचे चढे पैसे प्रकाशकाला आम्ही दिलेलेच असतात. ब्रिटनमध्ये तर उसनवारीमागे लेखकाला सरकारकडून मोबदला मिळतो. तो कायदा १९७९ चा, आणि २०१८ पासून घरबसल्या उतरवून घेतलेली ई-बुकं आणि ऑडिओबुकंही त्यात आली. मराठीची परिस्थिती तशी नाही. तासाभराच्या तयार ध्वनिमुद्रणामागे स्टुडिओत किमान दोन तास जातात, वर संपादन, दुरुस्त्या, पुन्हा ऐकणं. चांगला निवेदक हवा, म्हणजे ज्याला वऱ्हाडी संवाद वऱ्हाडीत आणि मालवणी संवाद मालवणीत म्हणता येतो असा. एवढा खर्च काही हजार श्रोत्यांतून काढायचा असतो. २०१७ च्या नोव्हेंबरात स्वीडनची स्टोरीटेल ही वर्गणीवर ऑडिओबुकं ऐकवणारी सेवा भारतात आली ती इंग्रजी आणि हिंदीच्या बरोबरीनं मराठी घेऊन. पुढच्या काही वर्षांत मराठीत ध्वनिमुद्रणाचं जे काम उभं राहिलं, ते महिन्याची वर्गणी भरणाऱ्या माणसांच्या जिवावर. कुठल्याही सरकारी योजनेनं ते केलेलं नाही. अशा सेवांमध्ये प्रकाशकाला मिळणारा वाटा सहसा ऐकलेल्या वेळेवर ठरतो. म्हणजे तुम्ही एक मराठी कादंबरी शेवटपर्यंत ऐकलीत, तर तिचा थेट फरक पडतो.

आणि आपण काय करतो? इंग्रजी पुस्तकासाठी महिन्याला पंधरा डॉलर मुकाट्यानं देतो, आणि मराठी पुस्तकाची चोरलेली फाइल व्हॉट्सॲपवर मिळाली की चार गटांत पुढे ढकलतो. हे मी रागानं बोलत नाही, मला त्याचं वाईट वाटतं. देणारा प्रेमानं देतो, “ऐक गं, किती सुंदर वाचलंय” म्हणून देतो. पण ज्यानं ते इतकं सुंदर वाचलं, त्याला पुढचं पुस्तक मिळणार की नाही हे त्या वर्गणीवरच ठरणार असतं. मोफत मराठी ऐकायचंच असेल तर त्याचा सरळ मार्गही आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या लेखनावरचे हक्क २०१० च्या अखेरीस भारतात संपले. अशा लेखकांचं वाचन तिथे कुणीही करावं, कुणीही वाटावं. हक्क आहेत तिथे मात्र पैसे द्यावेत.

मघाशी चहाच्या वेळी एका आजोबांनी विचारलं, “डोळ्यांनी आता वाचवत नाही, मी काय करू?” आजोबा, तुमच्यासाठी या दोन्हींपेक्षा वेगळी एक सोय आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसची नॅशनल लायब्ररी सर्व्हिस १९३१ च्या कायद्यानं सुरू झाली. ज्यांना दिसत नाही, किंवा हात थरथरत असल्यानं पुस्तक धरता येत नाही, अशा इथे राहणाऱ्या माणसांना ती बोलकी पुस्तकं पाठवते, यंत्रासकट, टपालखर्चही न घेता. डॉक्टरांचं किंवा लायब्ररीतल्या माणसाचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म मी भरून देईन. भारतात राहणाऱ्या अशा नातेवाइकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ मध्ये सुरू झालेलं. मराकेश करारामुळे अशी पुस्तकं देशांच्या सीमा ओलांडून पाठवता येतात. २०१४ मध्ये तो करार सगळ्यांत आधी भारतानं मंजूर केला, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता शेवटचं काम, आणि ते तुम्हीच करायचंय. ओव्हरड्राइव्हच्या खरेदीयादीत मराठी ऑडिओबुकं आहेत, थोडी आहेत पण आहेत. आमच्या लायब्ररीत ती का नाहीत? कारण कुणी मागितली नाहीत. इथे हिंदी, गुजराती, चिनी, कोरियन वाचक मागतात आणि त्यांचं कपाट वाढतं. लिबीत भाषेनुसार शोधा. पुस्तक यादीत दिसलं पण लायब्ररीकडे नसलं, तर त्यावर ‘मला कळवा’ची खूण करा, ती खूण आमच्यापर्यंत पोहोचते. शिवाय लायब्ररीच्या वेबसाइटवर खरेदी सुचवायचा फॉर्म असतो. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, निवेदक आणि प्रकाशक इंग्रजी अक्षरांतही लिहा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळाला तर अवश्य द्या, कारण मराठी न येणारा माझा सहकारी त्या आकड्यावरूनच ते शोधणार आहे. आणि कार्ड घरातल्या प्रत्येकाचं काढा, मुलांचंसुद्धा. अनेक लायब्ऱ्या पत्त्याचा पुरावा मागतात, नागरिकत्वाचा नाही. ज्यांच्याकडे आत्ता कार्ड नाही त्यांनी थांबा, मी लॅपटॉप आणलाय. अर्ज इथेच भरून टाकू.