चवथीला गावी चाललात? ब्रेसेस असतील तर दातावरची ही एक पट्टी घासायला विसरू नका

नमस्कार! चवथ जवळ आली की माझ्या कमेंट्समध्ये दरवर्षी तोच प्रश्न येतो. "डॉक्टर, मूळ घरी चाललोय. घर भरलेलं, न्हाणीघर एकच, मुलीच्या दातांना तार. ती ब्रश कधी करणार आणि कुठे?" फोंड्याच्या माझ्या दवाखान्यातही या दिवसांत आया हेच विचारतात. म्हणून आज यावरच बोलूया.

बॅगेत काय घ्यायचं ते पटकन सांगते. लहान डोक्याचा मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट, दोन-तीन इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशासारखे दिसणारे ते चिमुकले ब्रश, दवाखान्यात मिळतं ते मेण आणि हातात मावेल असा आरसा. जेवल्यावर ब्रश, झोपताना सावकाश ब्रश. हे तुम्हाला तार बसवली त्याच दिवशी सांगितलेलं असतं, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

आता हा मॉडेल जवळून बघा. ही हिरडी, हा ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेला हा छोटा तुकडा. या दोघांच्या मधे मी लाल पेनाने रंगवलेली ही बारीक पट्टी दिसतेय? माझं आजचं सगळं बोलणं या पट्टीबद्दल आहे. ब्रश ब्रॅकेटवरून फिरतो, तारेवरून फिरतो, दाताच्या टोकाला लागतो आणि ही पट्टी तशीच राहते. ब्रॅकेट पुढे आलेला असतो ना, ब्रशचे केस त्याच्यावरच अडतात. म्हणून ब्रश हिरडीकडे ४५ अंशांत तिरका धरायचा, केसांची टोकं हिरडीच्या कडेला टेकवायची आणि जागच्या जागी हळू हलवायचं. एक दात झाला की पुढचा. मग ब्रश उलटा तिरका करून ब्रॅकेटची खालची बाजू. तारेच्या मागे ब्रशचे केस नीट पोचत नाहीत. तिथे इंटरडेंटल ब्रश वरून घाला, नंतर खालून घाला.

मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलं होतं, "प्रवासात मी माउथवॉशने खळखळून चूळ भरतो, तेवढं पुरतं." नाही हो, पुरत नाही! नेवरीचा चुरा, भाताचं शीत चुळीने निघेल. पण दातावर जंतूंचा जो थर बसतो तो चिकट असतो, तो घासूनच निघतो. नखाने त्या पट्टीवर हलकेच खरवडून बघा. नखाला पांढरट, मऊ काहीतरी लागलं तर तोच तो थर. चूळ जरूर भरा, ब्रश मिळेपर्यंत तिचा उपयोग आहेच. पण ब्रशची जागा ती घेऊ शकत नाही.

एवढा आग्रह का धरते, तेही सांगते. त्या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. सफाई झाली नाही तर ४ आठवड्यांतसुद्धा पांढरे डाग दिसू शकतात. आणि ते दिसतात कधी? बहुतेकांना तार काढतो त्या दिवशी. दात सरळ रांगेत आलेले, आई पेढे घेऊन आलेली आणि ब्रॅकेट होता त्याच्याभोवती खडूसारखी पांढरी चौकट. त्या मुलांचे चेहरे मला बघवत नाहीत. फ्लोराइडने डाग थोडे फिके होतात, पण पूर्ण जातीलच असं नाही.

आता तुमचा न्हाणीघराचा प्रश्न. बेसिन लागतंच कोणाला? सावईवेऱ्याची एक मुलगी माझ्याकडे येते. ती चवथीत पाण्याचा तांब्या घेऊन मागीलदारी जाते, आरसा पेरूच्या फांदीला अडकवते आणि माडाच्या आळ्यात चूळ टाकते. तिच्या हिरड्या इतक्या छान आहेत की मी तिचे फोटो इतर मुलांना दाखवते. आरसा नसेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा उघडा. पण बघून घासा, कारण न बघता ही पट्टी हमखास सुटते. कदंब बसमध्ये किंवा रेल्वेत असाल तर पेस्टशिवाय कोरडा ब्रश फिरवा, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरा. थर निघतो तो घासण्यामुळे. आरती, भजन, फुगड्या सगळं आटपून उशीर झाला तरी रात्रीचा ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि आम्ल धुऊन न्यायला कोणी राहत नाही.

सोलकढी किंवा लिंबू सोडा प्यायलात तर लगेच घासू नका. पाण्याने चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या. ब्रॅकेटवरचे रबर हळदीने पिवळे पडले म्हणून बऱ्याच जणी घाबरून लिहितात. तो फक्त रंग आहे, पुढच्या भेटीत रबर बदलले की गेला. हुमण, म्हणजे आपली माशांची आमटी, खुशाल खा! जत्रेतलं खाजं मात्र तार असेपर्यंत नको. ते कडकही आणि गुळाने चिकटही. ब्रॅकेट निघतो, आणि निघाला नाही तर गूळ नेमका त्याच पट्टीत जाऊन बसतो. नेवरी हाताने मोडून दाढांनी खा.

"घासताना हिरडीतून रक्त येतं, म्हणून तिथे ब्रश लावतच नाही," असंही बरेच जण लिहितात. तिथे म्हणजे कुठे? याच पट्टीत! थर साचला म्हणून हिरडी सुजली, सुजली म्हणून रक्त येतं. तुम्ही ती जागा टाळलीत की थर वाढणार आणि रक्तही वाढणार. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, रोज तिथेच घासा. बहुतेक वेळा आठवडाभरात फरक पडतो. नाही पडला तर दाखवा.

तार टोचायला लागली तर ती जागा कापसाने कोरडी करा आणि मेणाची छोटी गोळी दाबून बसवा. ओल्या तारेवर मेण टिकत नाही. ऐन चवथीत बरेच दवाखाने बंद असतात, त्यामुळे एखादा ब्रॅकेट आत्ताच हलत असेल किंवा तारेचं टोक गालाला लागत असेल, तर गावी निघायच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन या. तिथेच तुमच्या दातांना कोणत्या मापाचा इंटरडेंटल ब्रश लागतो तेही विचारून घ्या.