सुबाभळीचा पाला, सशाच्या पिल्लांसाठी

हे जे झोडपणं चाललंय ना, ती सुबाभूळ आहे. उरुळी कांचनच्या अलीकडे, सोलापूर रोड सोडून आत आलं की बांधाबांधाला हेच झाड. उरुळी कांचनमध्येच १९६७ साली मणिभाई देसाईंनी बायफ ही पशुपालन आणि ग्रामविकासाची संस्था उभी केली आणि पुढे सत्तरच्या दशकात सुबाभूळ लावा, जनावरांना बारमाही पाला मिळेल असा प्रचार झाला. शेळ्यांनी तो मनापासून खाल्ला, सशांचं नाव मात्र फारसं कुणी काढत नाही.

आता पिंपाकडे बघा. पाला पाण्यात बुडवून वर दगड ठेवलाय, कारण पाला तरंगतो आणि तरंगला की नीट भिजत नाही. दीड-दोन दिवस असाच ठेवायचा, मधे पाणी बदलायचं. हे तपकिरी झालेलं पाणी दिसतंय ना, त्यात मिमोसिन उतरलंय, म्हणजे या पाल्यातलं विष, आणि ते कोवळ्या शेंड्यात सगळ्यात जास्त असतं. (वास कॅमेऱ्यात येत नाही तेच बरं.) म्हणून वहिनी हे पाणी लांबच्या खड्ड्यात ओततायत, कुठल्या जनावराने तोंड लावायला नको.

मग स्लॅबवर जुन्या साड्या अंथरून पाला पातळ पसरायचा, हलवत राहायचं, आणि पान हातात चुरचुर मोडलं की थेट गिरणी. ओल राहिली तर पोत्यात बुरशी धरते, मग सगळी मेहनत पाण्यात. ही हिरवी पावडर बघा, वाळलेल्या पाल्यात प्रथिनं २० ते २५ टक्क्यांच्या घरात असतात, आणि विकतच्या गोळी खाद्याचा भाव सांगायची गरज नाही. इथे शंभर किलो खाद्यात पावडर दहा किलोच्या आसपास, बाकी मका भरडा, गव्हाचा कोंडा, शेंगदाणा पेंड, थोडं मीठ आणि मिनरल मिक्श्चर. समोर सुकं गवत कायम पाहिजे, सशाचं पोट तंतूवरच चालतं.

शेळीला कच्चा पाला चालतो मग सशाला का नाही? काही शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारा जीवाणू असतो, सिनर्जिस्टेस जोन्सी नावाचा, तो आधी हवाईच्या शेळ्यांत सापडला. ससा काही रवंथ करणारा प्राणी नाही, त्याचं आंबवणं आतड्याच्या मागच्या भागात, आणि मऊ लेंड्या तो स्वतःच परत खातो, त्यामुळे शेळीचा हिशोब त्याला लावू नका. कच्चा पाला जास्त गेला की केस गळतात, थायरॉइड सुजते, वाढ खुंटते.

ही पिल्लं आत्ताच आईपासून तोडलीत. कशी तुटून पडलीत बघा. यांना नवीन खाद्य एकदम द्यायचं नाही, आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत वाढवायचं, आणि हगवण दिसली की त्या दिवशी पावडर बंद, नुसतं गवत-पाणी, आणि डॉक्टरला फोन.