मंगळावर उतरणारं यान: आधी वजनाचा तक्ता, मग चित्र

(बेळगावात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून तुम्ही आलात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना फ्रीकॅड येतं, ब्लेंडर येतं, म्हणजे संगणकावर त्रिमितीय आकृती काढता येते. यान काढा म्हटलं की हात आधी चित्राकडे जातो: चार पाय, सोनेरी पत्रा, वर अँटेना. तो हात आज थोडा आवरा. पहिले काही दिवस लिब्रेऑफिस कॅल्क, म्हणजे साधी स्प्रेडशीटच पुरे. मंगळावर उतरणाऱ्या यानाचा आकार हवा ठरवते, आणि हवेशी हिशेब आकड्यांतच होतो.

बेळगावात, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१ किलो भरतं. मंगळाच्या पृष्ठभागावर ते ०.०२ किलोच्या आसपास. म्हणजे तिथली हवा यानाला तापवण्याइतकी आहे, पण थांबवण्याइतकी नाही. अवघड आहे ते एवढ्याचसाठी.

आपण एक यान घेऊ. प्रवेशाच्या वेळी वजन ६०० किलो, उष्णताकवचाचा व्यास २.६५ मीटर. कवचाचं क्षेत्रफळ ५.५ चौरस मीटर, अवरोध गुणांक (आकार हवेला किती अडवतो तो आकडा) १.६५. वजनाला या दोहोंच्या गुणाकारानं भागा, ६६ येतात. हा बॅलिस्टिक गुणांक; तो जितका मोठा, तितकं हवेला यान थांबवणं जड. कॅल्कमध्ये त्याला स्वतंत्र रकाना द्या आणि रंग भरून ठेवा, कारण प्रत्येक बदलानंतर नजर तिथेच जायला हवी.

आता उतरण्याचा तक्ता. स्तंभ असे: वेळ, उंची, वेग, मार्गाचा कोन, हवेची घनता, अवरोध, मंदन (वेग घटण्याचा दर). सुरुवात १२५ किलोमीटरवर, वेग सेकंदाला ५.६ किलोमीटर, कोन उणे १२ अंश, म्हणजे क्षितिजाच्या खाली १२. घनता पृष्ठभागावर ०.०२ धरा, वर जाताना दर ११ किलोमीटरला ती २.७ पटीनं घटते. एकेका सेकंदाची पायरी घेऊ नका. मंदन सर्वाधिक असतं तिथे तेवढ्या वेळात बरंच काही बदलतं. ०.१ सेकंद घ्या. दोन-अडीच हजार ओळी होतील, साध्या लॅपटॉपला त्याचं काही नाही.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. कॅल्कचं साइन फल कोन रेडियनमध्ये मागतं. तुम्ही थेट उणे १२ भरलेत तर उत्तर अधिक चिन्हाचं येतं आणि यान खाली यायच्या ऐवजी वर चढू लागतं. अंश आधी रेडियनमध्ये बदला. आणि प्रत्येक स्तंभाखाली एकक लिहा. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावलं ते एका बाजूचे आकडे पाउंडात आणि दुसऱ्या बाजूचे न्यूटनमध्ये धरल्यामुळे.

तक्ता बरोबर आहे का, हे पडताळता येतं. गुरुत्व आणि ग्रहाची वक्रता तात्पुरती शून्य करा. मग वेगाचा वर्ग गुणिले कोनाचा साइन, भागिले ११,००० मीटरच्या ५.४४ पट, असं केल्यावर सर्वाधिक मंदन मिळतं: सेकंदाला सेकंदाला १०९ मीटर, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या अकरा पट. तक्त्यात तोच आकडा दिसला पाहिजे. नंतर गुरुत्व आणि वक्रता परत घातलीत की तो उतरेल, ते योग्यच आहे.

या सूत्रात वजन कुठेच नाही, हे लक्षात आलं का? ६०० किलोचं यान असो की १२०० किलोचं, झटका तेवढाच बसतो. बदलते ती उंची. आपल्या यानाला तो साधारण ३० किलोमीटरवर बसतो. व्यास तोच ठेवून वजन दुप्पट केलंत की सगळी गोष्ट साडेसात किलोमीटर खाली सरकते. पॅराशूट उघडायचं ते ध्वनीच्या पावणेदोन पट वेगाच्या आसपास, जमिनीपासून दहाएक किलोमीटरवर. त्यातले साडेसात गेले तर उरलं काय? नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरसाठी ४.५ मीटरचं कवच आणि सरासरी पातळीपेक्षा साडेचार किलोमीटर खोल असलेलं गेल विवर निवडलं गेलं, त्यामागे हे गणित आहे. खोल जागा म्हणजे डोक्यावर जास्त हवा.

म्हणून वजनाच्या प्रत्येक ओळीत ३० टक्के वाढ धरा. इथल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न (ओतकामाचा लाकडी नमुना) करणारा श्रिंकेज अलाउन्स, म्हणजे धातू थंड होताना आकसतो त्यासाठीचं वाढीव माप, सोडल्याशिवाय लाकडाला हात लावत नाही, तसंच हे. वायरिंग, नटबोल्ट, इंधनाच्या नळ्या सुरुवातीच्या यादीत कधीच पूर्ण सापडत नाहीत.

पॅराशूट १२ मीटर व्यासाचं घ्या, अवरोध गुणांक ०.६. कवच टाकून उरलेले ५२० किलो त्याखाली सेकंदाला ५३ मीटर वेगानं खाली येतील. ताशी १९० किलोमीटर. पुढचं काम इंजिनांचं, आणि सर्वांत मोठी फसगत इथेच होते. पॅराशूट सुटल्यावर ४२० किलो उरले. ५३ मीटरचाच वेग मारायचा म्हणून इंधन काढलं तर हायड्रेझिन १० किलो पुरेसं दिसतं. पण हजार मीटरवरून उतरायला ४५ सेकंद लागतात, आणि त्या प्रत्येक सेकंदाला मंगळ ३.७१ मीटरचा वेग परत देत राहतो. तो वेग सेकंदाला १६७ मीटर झाला. दोन्ही मिळून २२०, थोडी शिल्लक धरून २५०. विशिष्ट आवेग (इंधनातून किती रेटा मिळतो त्याचं माप) २२० सेकंद धरला की इंधन ४६ किलो येतं. साडेचार पट! सरासरी रेटा २,१५० न्यूटन लागतो. इंजिनं ३,००० न्यूटनच्या वर निवडा, नाहीतर एखादा धक्का सावरायला काहीच हातात राहत नाही.

आता फ्रीकॅड उघडा. त्यातल्याच स्प्रेडशीटमध्ये व्यास, नाकाची त्रिज्या, पायाची लांबी ही मापं नावं देऊन ठेवा आणि स्केचला जोडा; माप बदललं की आकृती आपोआप बदलेल. कवच म्हणजे अर्धी रेषाकृती अक्षाभोवती फिरवणं. शंकूचा अर्धकोन ७० अंश, नाकाची त्रिज्या व्यासाच्या चौथाई, म्हणजे ०.६६ मीटर. १९७६ च्या व्हायकिंगपासून हा आकार चालत आला आहे, तो बदलायचं कारण नाही. स्केचची सगळी मापं बांधली जाऊन रेषा हिरवी झाल्याशिवाय फिरवू नका. अर्धवट बांधलेलं स्केच व्यास बदलताच वाकडं होतं. मग प्रत्येक भागाला वजन देऊन गुरुत्वमध्य पाहा. तो नाकापासून व्यासाच्या ३० टक्क्यांच्या आत हवा. मागे गेला तर यान डोलायला लागतं, म्हणून बॅटरी आणि टाक्या खाली, कवचाला लागून बसवा. दुमडलेले पाय मागच्या टोपीत मावतात का, तेही इथेच तपासा. बहुतेक पहिली आकृती या पायांपाशी अडते.

ब्लेंडर आणि जीमॅट नंतर. जीमॅट नासाचं आहे, फुकट मिळतं, पृथ्वीहून मंगळापर्यंतच्या प्रवासाला उपयोगी. पण उतरण्याचा तक्ता चुकला असेल तर तिथल्या कक्षेचा काही फायदा नाही. त्याआधी एक परीक्षा घ्या. नासाचं इनसाइट यान मंगळावर २०१८ मध्ये उतरलं, प्रवेशाचं वजन ६०८ किलो, कवच २.६५ मीटर, पॅराशूट ११.८ मीटर. हे आकडे तुमच्या तक्त्यात भरा. पॅराशूट सुटतानाचा वेग सेकंदाला साठएक मीटर यायला हवा. दीडशे आला, तर घनतेचा स्तंभ उघडून किलोमीटर आणि मीटर कुठे मिसळलेत ते शोधा.