खाली उतरू कुठं?

(सकाळ. अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूला कपाशी.)

यवतमाळ जिल्ह्यातला रस्ता आहे हा. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, सांगितलं की बाकीची गावं म्हणतील आपल्याकडं नाही बाप्पा असं काही. शाळेच्या टायमाला या एका पट्टीवर कोण कोण असतं बघा, सायकलवर पोट्ट्या, कापूस वेचायला पायी निघालेल्या बाया, बंडी, ट्रॅक्टर, गच्च भरलेली काळीपिवळी आणि या सगळ्यांच्या मागून येष्टी. यातल्या कितीतरी सायकली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी मिळालेल्या. सायकल दिली, लय चांगलं केलं. ती चालवायची कुठून ते मात्र राहूनच गेलं.

(कॅमेरा खाली, रस्त्याच्या कडेला.)

ही कड बघा. डांबरावर डांबर चढत गेलं, रस्ता वर आला आणि साईडपट्टी राहिली वीतभर खाली. कधीमधी मुरूम टाकतात, पण बुडाशी आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नुसता ओतलेला मुरूम काय टिकणार. आता मागून गाडीवाला हॉर्न दाबतो, म्हणजे त्याच्या हिशोबानं "उतर खाली". पोरगी उतरते. गाडी गेली असं वाटून परत वर चढायला जाते तर पुढचं चाक त्या कडेला घासत राहतं, चढत नाही, हँडल वळतं आणि ती पडते ती डांबरावर, मागून दुसरी गाडी येऊन राहिली असते.

हॉर्न म्हणजे हुकूम नव्हे भाऊ. समोरून कोणी येत असेल तर मागच्यानं ब्रेक मारायचा, सायकलच्या मागं मागं चालायचं आणि रस्ता मोकळा झाला की लांबून, पार पलीकडच्या बाजूनं काढायची गाडी. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात १६ मीटरच्या वर जाते, पाय ब्रेकवर पोचायच्या आधीच.

बरं, पायी चालणाऱ्यांचं आपल्याकडं उलटंच असतं. फुटपाथ नाही तिथं चालायचं उजव्या कडेनं, समोरून येणारं दिसतं आणि वेळेवर सरकता येतं. सायकल मात्र डावीकडूनच, कारण उलटी घातली की तुमचा आणि गाडीचा स्पीड मिळून टक्कर होते, आणि वळणावरचा गाडीवाला त्या बाजूला तुम्हाला धरूनच चालत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला दरम्यान एका लेनचं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं, गिनीजमध्ये नाव लागलं, आपल्याच विदर्भात. मग या कडेला मुरूम भरून नीट रोलर फिरवायला असे किती दिवस लागतात, हे गावातला माणूस विचारणारच ना.

(संध्याकाळ. जिनिंगकडं जाणारी ट्रॉली.)

कापसाच्या दिवसात खरी भीती याची. ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली, मागं लाईट नाही, असला तर कापसानं झाकलेला. पंक्चर झाली की चाकामागं दगड लावतात आणि निघताना तो तिथंच सोडून जातात, मग रात्री फटफटीवाला येतो. लाल रेडियमची पट्टी बाजारात कुठंही मिळते, चार तुकडे ट्रॉलीच्या मागच्या फळीला, दोन बंडीला, बैलांच्या शिंगांनाही लावतात काही जण आणि ते लांबून मस्त चमकतं. सायकलच्या मडगार्डलाही एक चिकटवा.

आणि तरी कोणी पडलेलं दिसलं तर "पोलिसात नाव येईल" म्हणून पुढं निघून जाऊ नका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची जबरदस्ती करता येत नाही. १०८ फिरवा, जवळचा फाटा किंवा किलोमीटरचा दगड सांगा, आणि एकाला मागं उभं करून येणाऱ्या गाड्यांना मोबाईलचा टॉर्च दाखवायला लावा.