फिरता सेन्सर लावलात म्हणून आख्खी बाग कव्हर होत नाही!

नमस्कार मंडळी! आंब्याचा सीझन जवळ आला की कमेंटमध्ये एकच विषय, राखणीला माणूस मिळत नाही, सेन्सर लावू का? लावा की. पीआयआर सेन्सर (माणसा-जनावराच्या अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा), छोटा बोर्ड, लोरा मॉड्यूल (लांबवर छोटे मेसेज पाठवणारा रेडिओ), त्याच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे लायसन लागत नाही, हे सगळं आधी दाखवलंय, परत सांगत बसत नाही.

आज फक्त ही कमेंट, आणि असल्या ढीगभर आल्यात: "दादानु, एकच सेन्सर फिरतो ठेवलो तर आख्खी बाग कवर होतली ना?"

नाय हो! एचसी-एसआर५०१ हा आपला नेहमीचा पीआयआर सेन्सर बघतो साधारण ७ मीटर, तेही समोरच्या १२० अंशांत, म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. एकराला ८० सेन्सर झाले. आता कलमांमधून तार ओढून तोच सेन्सर ट्रॉलीवर फिरवलात तरी कुठल्याही क्षणी तो अर्धाच गुंठा बघतोय! दहा मिनिटांत सहा ठिकाणी थांबला, तीन गुंठे बघून झाले, मान्य, पण तो तिसऱ्या गुंठ्यात असताना पहिल्यात कोण शिरलं ते त्याला दिसतच नाही ना. म्हणून आधी विचारा, येणारा बागेत थांबतो किती वेळ? झेला घेऊन आंबे काढणारा चोर किंवा जमीन उकरत बसलेलं रानडुक्कर फिरत्या सेन्सरला सापडतं. गडग्यावरून उडी मारून सरळ पलीकडे गेलेला सुटू शकतो, तिथे गडग्यालाच फिक्स सेन्सर हवा.

आणि कृपा करून चालत्या ट्रॉलीवरचं रीडिंग धरू नका. पीआयआरला उष्णतेतला बदल कळतो, आणि ट्रॉली चालली की त्याच्यासमोरचं सगळंच बदलतं. आमच्याकडे दुपारी ट्रॉली तापलेल्या चिऱ्याच्या गडग्यासमोरून गेली की अलार्म, दर फेरीला, बागेत चिटपाखरू नाही! थांबा, सेन्सर स्थिर होऊ द्या, मग बघा.

थांबण्याचा क्रमसुद्धा रोज तोच नको, पाळत ठेवणाऱ्याला दोन रात्रींत पाठ होतो. दोन-तीन ट्रॉल्या असतील तर "मी आत्ता इथे बघितलं" एवढा छोटा मेसेज एकमेकींना जाऊ दे, म्हणजे दुसरी लगेच तिथेच जाणार नाही, नेटवर्कचा खरा फायदा हाच आहे. आणि एखादीचा मेसेज ठरल्या वेळेत आला नाही, तर बॅटरी गेली असेल म्हणून झोपू नका, तोसुद्धा अलार्मच समजा आणि टॉर्च घेऊन बघून या.