ओकच्या धुरातला गहू: ग्रोजिस्किये बिअर पुन्हा घडवताना

मंडळी, आजचा विषय एका फार हलक्या बिअरचा आहे. मद्यार्क जेमतेम तीन टक्के, रंग फिकट सोनेरी, वर घट्ट पांढरा फेस आणि वासात ओकच्या लाकडाचा मंद धूर, विझत आलेल्या चुलीजवळ बसल्यावर कपड्यांना येतो तसा. तिचं नाव ग्रोजिस्किये. पश्चिम पोलंडमध्ये पोझनानजवळ ग्रोजिस्क व्येल्कोपोल्स्की नावाचं छोटं शहर आहे, तिथली ही बिअर. हा मुलूख प्रशियाच्या ताब्यात होता तेव्हा जर्मन लोक शहराला ग्रेट्स आणि बिअरला ग्रेट्सर म्हणत, म्हणून जुन्या कागदांत दोन्ही नावं सापडतात.

तिच्यामागे एक दंतकथा आहे. गावातल्या विहिरी आटल्या, तेव्हा लुबिनच्या मठातल्या बर्नार्ड नावाच्या बेनेडिक्टाइन साधूने प्रार्थना केली आणि विहिरीला पुन्हा पाणी लागलं. बर्नार्ड १६०३ साली वारला. पुढे गावकरी कृतज्ञता म्हणून दरवर्षी मिरवणुकीने बिअरचं पिंप लुबिनला नेत असत. कथा बाजूला ठेवली तरी तिच्यातलं पाणी खरं आहे. ग्रोजिस्कचं विहिरीचं पाणी कठीण आणि सल्फेटयुक्त होतं, आणि या बिअरचा कोरडा, टोकदार कडवटपणा त्या पाण्याशी जोडलेला आहे.

१९९३ साली ग्रोजिस्कमधला शेवटचा कारखाना बंद पडला आणि काही शतकांची ओळ तुटली. ती पुन्हा जोडण्याचं काम आधी हौशी लोकांनी हाती घेतलं. पोलंडमधल्या घरगुती बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेने या बिअरसाठी खास समिती नेमली, जुन्या कृती जमवल्या, कारखान्यात वापरात असलेल्या यीस्टच्या जाती मिळवून त्यांची तुलना केली. दरम्यान जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या वायरमान कंपनीचं ओकच्या धुरात वाळवलेलं गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बाजारात आलं. त्यामुळे पोलंडबाहेरच्या लोकांनाही हात घालता आला. २०१५ साली फोर्तुना कंपनीने ग्रोजिस्कमधल्या जुन्या इमारतीतच उत्पादन पुन्हा सुरू केलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या नियमावलीत ऐतिहासिक प्रकारांमध्ये तिला जागा मिळाली.

इतिहास इथेच थांबवतो, कारण आज मला कृतीबद्दल बोलायचं आहे. माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. ही बिअर फसते ती बहुतेक वेळा तिच्यात काहीतरी वाढवायला गेल्यामुळे. कुणी माल्ट वाढवून पाच टक्क्यांपर्यंत नेतं, कुणी बार्ली मिसळतं, कुणी बव्हेरियन गव्हाच्या बिअरचं यीस्ट घालतं, कुणी ती आंबट करतं. आंबट धुरकट गव्हाची बिअर जर्मनीत आहे, तिला लिख्टेनहाइनर म्हणतात. ग्रोजिस्किये आंबट नसते. तिची ताकद तिच्या पातळपणात आहे आणि तो पातळपणा सांभाळणं हेच खरं कौशल्य.

आता आकडे. किण्वनाआधीच्या रसाची, म्हणजे वर्टची, घनता ७.७ अंश प्लेटो, हायड्रोमीटरवर साधारण १.०३१. कडवटपणा २० ते ३५ आयबीयू, म्हणजे बिअरचा कडवटपणा मोजायच्या एककात. मी पुढे जे प्रमाण सांगतो ते २० लिटरचं आहे. मायक्रोब्रुअरीवाल्यांनी त्याच हिशेबाने वाढवावं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही हे आपल्याला माहीत आहेच. घरगुती बिअर कायदेशीर असलेल्या देशांतल्या मराठी मंडळींना मात्र ही कृती जशीच्या तशी वापरता येईल.

माल्ट २.७ किलो, सगळंच्या सगळं ओकच्या धुरातलं गव्हाचं. अर्धं धुराचं आणि अर्धं साधं घेतलं तर धूर इतका मागे पडतो की बिअर नुसती पाणचट लागते. ओकचा धूर सौम्य असतो, म्हणूनच शंभर टक्के वापरता येतो. बाम्बेर्गच्या प्रसिद्ध धुरकट बिअरसाठी बीच नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. त्याची चव खारवलेल्या मांसाकडे झुकते. स्कॉटलंडच्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या मातीच्या, धुरातलं माल्ट तर इथे अजिबात चालत नाही, त्याचा औषधी वास या नाजूक बिअरला गिळून टाकतो.

तयार माल्ट मिळालंच नाही तर साधं गव्हाचं माल्ट घरी धुरावता येतं. माल्टवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, जाळीच्या ताटात दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर पसरायचा आणि ओकचा थंड धूर काही तास द्यायचा. माल्टजवळचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ओलं माल्ट तापलं की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मरतात आणि मग स्टार्चची साखर होत नाही. नंतर ५० अंशांच्या आत पूर्ण वाळवा आणि आठवडाभर हवा खेळेल असं ठेवा, म्हणजे धुराची तिखट धार कमी होते. चीड, देवदार यांसारखं राळ असलेलं लाकूड कधीही नको.

गव्हाचा दाणा बार्लीपेक्षा लहान आणि टणक, त्यामुळे भरडताना रोलरमधली फट कमी करावी लागते. बार्लीला १.१ मिलिमीटर ठेवत असाल तर इथे ०.८ ते ०.९ ठेवा. अख्खे दाणे तसेच निसटले तर घनता मिळत नाही. उलट पीठ झालं तर मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेली भरड, गाळताना अडकते.

हे अडकणं ही या बिअरची सगळ्यात मोठी अडचण आहे. बार्लीला साल असते, ती तळाशी बसून नैसर्गिक गाळणी तयार होते. गव्हाला साल नाही, शिवाय त्यातले अरॅबिनोझायलन नावाचे चिकट पदार्थ रस घट्ट करतात. उपाय आपल्याकडे मुबलक आहे: भाताचं तूस. २.७ किलो माल्टला २०० ते २५० ग्रॅम पुरे. ते गरम पाण्यात दोन-तीनदा खळखळून धुवा, नाहीतर धुळीची आणि गवताची चव उतरते. गिरणीतून आणणार असाल तर साठवणीत कीटकनाशक मारलेलं नाही याची खात्री करून घ्या.

पाणी एकूण २९ लिटर धरा. आधी कार्बन फिल्टरमधून काढा. हे या बिअरमध्ये नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन धुराला वास देणाऱ्या फिनॉल नावाच्या पदार्थांशी जोडलं जाऊन दवाखान्यासारखा वास तयार होतो आणि धुराच्या माल्टमध्ये फिनॉल भरपूर असतात. पाणी मऊ असेल तर २९ लिटरला ५ ग्रॅम जिप्सम घाला. त्याने लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ९६ मिलिग्रॅम सल्फेट वाढतं. मॅशचा पीएच ५.३ ते ५.४ हवा. फिकट गव्हाच्या मॅशचा पीएच वर राहतो, म्हणून थेंबाथेंबाने लॅक्टिक आम्ल घालून मोजत खाली आणा. हे आम्ल पीएचपुरतंच, चव आंबट करण्यासाठी नाही.

मॅश पायऱ्यापायऱ्यांनी करायची. १३.५ लिटर पाण्यात माल्ट कालवून ३८ अंशांवर अर्धा तास, ५२ अंशांवर अर्धा तास, ७० अंशांवर अर्धा तास आणि शेवटी ७५ अंशांवर दहा मिनिटं. तूस ७०च्या टप्प्यात मिसळा. पहिल्या पायरीत भरड नीट भिजते, दुसरीत प्रथिनं तुटतात आणि रस सुटसुटीत गळतो. ५२ अंशांवर तासभर रेंगाळलात तर मात्र फेस टिकवणारी प्रथिनंही संपतात आणि ग्लासातला फेस मिनिटभरात बसतो.

५२ वरून थेट ७० वर जाण्यामागे कारण आहे. ६२ ते ६५ अंशांवर थांबलं की यीस्टला पचणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर कोरडी ठणठणीत होते. ७० वर न पचणारे डेक्स्ट्रिन जास्त राहतात. ७.७ अंश प्लेटोच्या बिअरला तोंडात जो थोडासा भरीवपणा येतो तो त्यांच्यामुळेच. म्हणून ही चढण वीस मिनिटांत पूर्ण करा. भांडं थेट आचेवर असेल तर एकजण सतत तळापासून ढवळत राहायला हवा. गव्हाचं पीठ तळाला धरतं आणि करपल्याचा वास धुराच्या वासात मिसळला की दोष शोधणंही कठीण होतं.

गाळताना घाई नको. सुरुवातीला तोटी थोडीच उघडा, पहिले दोन-तीन लिटर परत वर ओता, रस स्वच्छ दिसू लागला की मग वेग वाढवा. सुरुवातीलाच तोटी पूर्ण उघडली तर थर दाबला जातो आणि धार बंद पडते. तसं झालं तर तोटी बंद करून थर वरून अर्ध्यापर्यंत हलक्या हाताने कापा, खालून थोडं ७५ अंशांचं पाणी द्या आणि दहा मिनिटं थांबा. उरलेलं १५.५ लिटर पाणी ७५ अंशांवर ठेवून वरून शिंपडत राहा. गळणाऱ्या रसाची घनता १.५ प्लेटोच्या खाली गेली की थांबा. उरलेलं पाणी सरळ उकळीच्या भांड्यात घाला, कारण त्यापुढे पीएच चढतो आणि तुसाचा तुरटपणा उतरतो. या बिअरमध्ये तो लपायला जागा नाही.

उकळी दोन तास. सुरुवातीला २६ लिटर असलेला रस आटून २० लिटरवर येतो. तुमच्या भांड्यातून तासाला तीन लिटरपेक्षा कमी वाफ जात असेल तर सुरुवातीचं पाणी तेवढं कमी करा, नाहीतर घनता ७ च्या खाली राहील. लांब उकळीने गव्हातली प्रथिनं गुठळ्या होऊन खाली बसतात, आणि ही बिअर नितळ असायला हवी. बव्हेरियन गव्हाच्या बिअरसारखी गढूळ नको. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, पोलंडचे लुब्लिन. ग्रोजिस्कच्या शेजारच्या नोवी तोमिशल भागातही पूर्वी हॉप्सची मोठी शेती होती आणि या बिअरला तेच जवळचे. हॉप्समधलं कडवटपणा देणारं आल्फा आम्ल ४ टक्के धरून शेवटचा एक तास उरला असताना ४५ ग्रॅम आणि शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना २० ग्रॅम घाला. हिशेब ३० आयबीयूच्या आसपास येतो. लुब्लिन मिळाले नाहीत तर चेक झाटेट्स घ्या. लिंबूवर्गी वासाचे अमेरिकन हॉप्स धुराशी भांडतात.

यीस्टच्या निवडीवर बरेच जण चुकतात. ग्रोजिस्कचं यीस्ट स्वच्छ चवीचं होतं. बव्हेरियन गव्हाच्या यीस्टमधून लवंग आणि केळ्याचा वास येतो आणि धुराचा माग हरवतो. ग्रोजिस्कची जात मिळाली तर उत्तम, नाहीतर कोल्श या फिकट जर्मन बिअरसाठी वापरतात तसं सौम्य एल यीस्ट घ्या. ११ ग्रॅमचं कोरडं पाकीट या घनतेला भरपूर होतं. किण्वन १८ अंशांवर ठेवा. आपल्या हवेत खोलीचं तापमान तीसपर्यंत जातं. त्या उष्णतेत तयार होणारे फळांचे आणि थिनरसारखे वास जाड बिअरमध्ये कदाचित खपतील, इथे पहिल्या घोटातच कळतील. रस पातळ असल्यामुळे मुख्य किण्वन तीन ते पाच दिवसांत आटोपतं. शेवटची घनता १.००८ ते १.०१० असावी. म्हणजे मद्यार्क तीन टक्क्यांच्या आसपास किंवा किंचित कमी.

त्यानंतर दोन-तीन दिवस १ ते २ अंशांवर थंड ठेवून नितळ होऊ द्या. ग्रोजिस्कमध्ये यासाठी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयझिंग्लास वापरत. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या अशाच पिशवीला मोठा भाव मिळतो. ज्यांना शाकाहारी बिअर हवी त्यांनी उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत आयरिश मॉस हे समुद्री शैवाल घालावं आणि थंडीत एक-दोन दिवस जास्त द्यावेत.

आता बाटली. या बिअरला पोलिश शॅम्पेन म्हणत ते तिच्या वायूमुळे. कार्बन डायऑक्साइड बिअरच्या आकारमानाच्या ३ पटींच्या वर हवा. १८ अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये आधीचा सुमारे ०.९ पट वायू शिल्लक असतो. लिटरमागे ९ ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून गार केलेली, घातली की आकडा ३.२ वर जातो. साखर आधी भरणीच्या टाकीत घाला आणि बिअर तिच्यावर सोडा, म्हणजे सगळीकडे सारखी मिसळते.

इथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तो गांभीर्याने घ्या. इतक्या वायूने २० अंशांवर बाटलीत सुमारे पावणेतीन बार दाब तयार होतो, ३० अंशांवर चारच्या जवळ. साध्या पातळ काचेच्या बाटल्या फुटू शकतात. शॅम्पेनच्या किंवा जर्मन गव्हाच्या बिअरच्या जाड बाटल्याच वापरा. किण्वन पूर्ण झालं आहे का, हे दोन दिवसांच्या अंतराने दोनदा घनता मोजून ठरवा. एक अंश प्लेटो जरी आंबायचा राहून गेला तरी बाटलीत आणखी, बिअरच्या आकारमानाच्या सुमारे दोन पट, वायू तयार होतो. भरलेल्या बाटल्या बंद खोक्यात, २० अंशांच्या जवळ, दोन ते तीन आठवडे ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या खोलीत ठेवू नका. वायू भरला की सरळ शीतकपाटात.

पिताना बाटली उभी, थंड, न हलवता. उंच निमुळत्या ग्लासात सावकाश ओता, फेसाला तीन-चार बोटं जागा सोडा आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या. तीन महिन्यांच्या आत संपवा. इतक्या कमी मद्यार्काच्या बिअरला साठवणीने काहीच मिळत नाही आणि धूर मात्र महिन्यागणिक फिका होत जातो.

व्याख्यानाआधी आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न होता: पहिला घाणा पाणचट लागला तर पुढच्या वेळी माल्ट वाढवावं का? आधी बाकीच्या तीन गोष्टी तपासा. वायू तीन पटींच्या वर होता का, ७० अंशांची पायरी खरोखर ७० वर होती का आणि सल्फेट पुरेसं होतं का. पाणचटपणा बहुधा यांपैकी एकातून आलेला असतो. माल्ट २.७ किलोच राहू द्या.