नट परत कसणारा चोर

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, आणि ज्यांची या आठवड्यात रात्रीची लाईन आहे, म्हणजे ओलिताची वीज रात्रीच येते, ते वावरात पंपाच्या मोटारीपाशी शेकोटी करून बसले असतील, तर आजचं बोलणं खास त्यांच्यासाठी, कारण गोष्ट अंधाराचीच आहे. मी एक डिटेक्टिव कादंबरी लिहायला घेतलीय, २०९० सालातली, नॉयर म्हणतात त्या जातीची, आणि तिच्यात शोध घेणारी बाई आहे.

नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. १९४५ साली पॅरिसमध्ये काळ्या कव्हरांची रहस्यकथांची एक मालिका सुरू झाली अन् पुढच्याच वर्षी तिथल्या समीक्षकांनी अमेरिकेच्या गुन्हेपटांना हे नाव लावलं. पण मूळ माल अमेरिकेचाच. तिथं १९२० ते १९३३ दारूबंदी होती, आणि दारूबंदीत रात्री काय काय चालतं ते वर्धा-गडचिरोलीच्या माणसाला मी काय सांगू! त्यातून या कथा आल्या. आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंझार, काळा पहाड हे त्यांतले नायक, माझ्या बाबांनी त्या कंदिलाच्या उजेडात वाचल्या. आणि हो, गावच्या वाचनालयात कपाटाला कुलूप लावून पुस्तकं ठेवतात ना, ते मला अजिबात पटत नाही, वाचून वाचून फाटलं तर फाटू द्या की. तर जुन्या रहस्यकथेत चोर सापडला की बहुतेक सगळं ठीक होतं. नॉयरमध्ये चोर सापडतो, पण ठीक होत नाही. एवढं ध्यानात ठेवा, चोर सापडतो पण ठीक होत नाही.

आता माझी आत्या. माझी डिटेक्टिव म्हणजे तीच.

हरभरा फुलावर होता, थंडी मरणाची, आणि एका आठवड्यात चार विहिरींवरची केबल गेली. चौथी आत्याची. आत्या एकटी बाई, पाच एकर वावर, रात्रीचं ओलित स्वतः करायची, रानडुकरं फिरतात तिथं एका हातात बॅटरी अन् एका हातात काठी घेऊन. तक्रार दिली, पंचनामा झाला, आणि गावानं तर चोर आधीच ठरवून टाकला होता. नाल्याच्या काठी दोन बिऱ्हाडं पाल टाकून होती, पाटे-वरवंटे घडवून विकणारी. बाहेरचे लोक, दुसरं कोण असणार? दहा-पंधरा जण गेले, आरडाओरडा झाला, त्यांची भांडी फेकली.

आत्या त्यांच्यासोबत गेली नाही. ती विहिरीवर गेली अन् स्टार्टरच्या पेटीपुढं उकिडवी बसली, मी सोबत होते, नववीत असेन. मला म्हणे, पाय. मी पाहिलं तर पेटी उघडी, केबल नाही, मला काही समजलं नाही. ती म्हणे, नीट पाय वं. फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढून पेटीवर एका रांगेत ठेवलेल्या. आणि केबल कापलेली नव्हती, खोलून काढली होती, अन् काढल्यावर तिन्ही नट परत त्यांच्या जागी घट्ट कसले होते.

"चोर कधी नट परत कसते का वं पोरी?"

बस्, इतकंच बोलली. नट परत कसणारा चोर म्हणजे ज्याच्या हाताला ती सवय आहे तो, आणि त्या रात्री लाईन कधी येणार हेही त्याला ठाऊक. गावात असा एकच पोरगा, सगळ्यांच्या मोटारी तोच खोलायचा, तोच बांधायचा, आत्याच्या घरी तर लहानपणापासून जेवलेला.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. तीन दिवस संध्याकाळी नाल्यानं फिरली, पळसाच्या झुडपामागं तिला राख सापडली, दगडावर वितळलेलं काळं प्लास्टिक थेंबाथेंबानं चिकटलेलं, तांब्यासाठी केबल जाळतात ना, तेच. मग उसन्या पैशानं नवी केबल आणली अन् जोडायला त्याच पोराला बोलावलं. रात्रीची वेळ, आत्यानं बॅटरी धरलेली, तो पान्ह्यानं नट कसतोय, आणि आत्या अगदी हळू म्हणाली, "नीट कस बाप्पा. मांगच्या खेपेले चांगले कसले होते तू."

त्याचा हात थांबला. पान्हा खाली पडला तो आवाज मला अजून ऐकू येतो. डोक्यावर व्याजाचं कर्ज होतं त्याच्या. दुसऱ्या दिवशी पारावर त्यानं कबूल केलं, दोन हंगामात पैसे फेडले.

आत्या तशीच नाल्यावर गेली, त्या बिऱ्हाडांना सांगायला. पालं उठलेली होती. चुलीचे तीन दगड अन् एक अर्धवट टाचलेला पाटा. ती पुढची दोन गावं पायी फिरली, बाजाराच्या दिवशी विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं. नाही सापडले.

म्हणून म्हणते, चोर सापडला, पण ठीक झालं नाही.

माझ्या कादंबरीतलं गाव समृद्धी महामार्गाच्या कडेला शहर होऊन बसलंय, खांबाखांबावर कॅमेरे, गुन्हा झाला की मशीन पाच मिनिटात संशयिताचं नाव देतं, लोक म्हणतात आता डिटेक्टिव कशाला पाहिजे. पण मशीन शिकलंय कशावर, तर आपल्याच जुन्या तक्रारींवर, आपल्याच पंचनाम्यांवर, मग नाव कोणाचं येणार? पाल टाकून राहणाऱ्यांचंच. माझी बाई पन्नाशीची आहे, गुडघे दुखतात तिचे, कोणाला भीत नाही, आणि ती मशीनचं नाव वाचायच्या आधी पेटीपुढं उकिडवी बसते. हॉलिवूडसारखं काळा चष्मा अन् पिस्तूल देऊन बाई कणखर होत नाही असं माझं ठाम मत आहे, एकटीनं रात्रीचं ओलित केलेली बाई पाहा म्हणजे कळेल.

शेवटचं प्रकरण अजून लिहायचंय. तो पाटा आत्यानं घरी आणला नव्हता, कोणी परत आलं तर सापडावा म्हणून चुलीच्या दगडांवर टेकवून ठेवला होता. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तोवर तो तिथंच होता.